पालथी बादली

"हात नका लावू, मासीमा. आता हे लोणी तुमचं नाही. सरकारचं झालं."

अन्न-निरीक्षक घोषालबाबू हे बंगालीत बोलले, आणि तेही हसत हसत. पण मंदाकिनीबाईंचा पुढे गेलेला हात निखाऱ्यावर पडल्यासारखा मागे आला. काल आपणच घुसळलेलं, आपल्या हातांनी पुन्हा पुन्हा पाण्यात धुतलेलं लोणी, आणि आपल्यालाच शिवायची बंदी! त्यांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर रुंद तोंडाच्या तीन बाटल्या मांडल्या होत्या. तिन्हींत सारखं लोणी भरलं, बुचं घट्ट बसवली, वर दोरा गुंडाळला आणि लाख वितळवून त्यावर मोहोर उठवली. साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर उभे होते. ते लोण्याकडे न बघता फडताळातल्या बरण्यांकडे बघत होते. लाखेचा जळका वास थेट देव्हाऱ्यापर्यंत गेला.

"एक बाटली तुमच्याकडे, एक प्रयोगशाळेत, एक आमच्या कपाटात," घोषालबाबू म्हणाले. "म्हणजे मागाहून भांडण नको."

"माझ्याकडे यायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? नवा कायदा आलाय ना. दुकानं बघतो, तशी घरंही बघतो."

"बालीगंजात एवढी घरं, आणि नेमकं माझंच दिसलं?"

घोषालबाबू पुन्हा हसले. ज्याचं कामच संशय घेण्याचं, त्याला दुसऱ्याच्या संशयाचं हसूच येतं. त्यांनी कागदावर सही घेतली, नमुन्याची किंमत मोजून पाटावर ठेवली आणि जिना उतरून गेले. मंदाकिनीबाई कितीतरी वेळ त्या मोहोर लावलेल्या बाटलीकडे बघत बसल्या. आपल्याच घरात कुणीतरी परका मुक्कामाला आणून ठेवावा, तशी ती बाटली कोनाड्यात बसली होती.

नवरा रघुनाथराव हिशेब खात्यात होते. साताऱ्याहून बदली होऊन कलकत्त्याला आले, आणि केवडातल्याच्या स्मशानघाटावरूनच त्यांची पुढची बदली झाली. वृंदा तेव्हा पाळण्यात. दिरानं लिहिलं, 'परत या.' पण परत जायचं म्हणजे कुणाच्या तरी माजघरात कोपरा धरून बसायचं. मंदाकिनीबाई इथेच राहिल्या. सासूबाईंनी एक विद्या दिली होती, लोणी काढण्याची; तिच्यावर त्यांनी लेक वाढवली, शिकवली, शाळेत मास्तरीण केली. इथल्या मराठी घरांत सणावाराला लोणी-तूप जायचं ते त्यांच्याकडचं. आणि गोकुळाष्टमीला मराठी मंडळात काल्याचं लोणी असायचं तेही त्यांचंच. त्याचा पैसा त्या घेत नसत. "देवाच्या तोंडात जाणार ते. त्याचं कसलं मोल?" म्हणत. वर्षभर दुसऱ्यांसाठी घुसळायचं आणि त्या एका दिवशी देवासाठी. सगळं आयुष्य त्या एका वाटीला टेकून उभं होतं म्हणा ना.

म्हणूनच जीव एवढा टांगणीला लागला. श्रावण तोंडावर आला होता.

अहवाल येईपर्यंत त्यांनी कुणाकुणाचा संशय घेतला नाही? कंपाउंडरांची बायको मागे म्हणाली होती, "तुमचं लोणी इतकं पांढरं कसं हो?" तिचा घेतला. मंडळाचे चिटणीस श्यामराव बजबजच्या तेलाच्या डेपोत रसायनांचं काम बघायचे. त्यांना असल्या खात्यांतली माणसं ओळखीची. त्यांचाही घेतला. संशय हा उंदरासारखा. एकदा घरात शिरला की प्रत्येक डब्याच्या मागे खुडबुड ऐकू येते.

"आई, तू मिछेच भिते आहेस," वृंदा म्हणायची. कलकत्त्यात जन्मलेली पोर. मराठी बोलताना मध्येच बंगालीत पाय घसरायचा. "आपण काही मिसळलं आहे का? नाही ना? मग?"

"मिसळलं नाही, म्हणून तर भीती. मिसळणाऱ्याला ठाऊक असतं काय सापडणार ते."

आणि अहवाल आला. घोषालबाबू स्वतः घेऊन आले. या वेळी हसले नाहीत.

"मासीमा, लाल निघालं."

"काय लाल?"

"प्रयोगशाळेत आम्ल घालून बघतात. शुद्ध लोणी असलं तर काही होत नाही. वनस्पती तूप मिसळलेलं असलं तर नळीतलं खालचं पाणी लाल होतं. तुमचं झालं. थोडं, पण झालं."

मंदाकिनीबाईंनी फडताळाकडे बोट केलं. "माझ्या घरात वनस्पतीचा डबा कधी आला नाही. बघा, शोधा. फडताळ उघडा."

"तुम्ही घातलं असं मी म्हणत नाही," घोषालबाबू आवाज उतरवून म्हणाले. "पण दूध कुठून येतं? काढताना तुम्ही बघता? हल्ली साय काढून घेतात आणि दुधात वितळलेलं वनस्पती घुसळून देतात. गवळ्याकडे सापडलं, तर तुम्ही नुसत्या साक्षीदार. नाहीतर खटला तुमच्यावर. विचार करा."

दूध सुखारीकडचं.

आता हा सुखारी म्हणजे बिहारातल्या छपऱ्याकडचा गवळी. गल्लीच्या टोकाला त्याचा गोठा. इथे रीत अशी, की गवळ्यानं म्हैस दारात आणायची, बादली पालथी करून आत पाणी नाही ते बाईला दाखवायचं, आणि मग तिच्या डोळ्यांसमोर धार काढायची. सगळ्या गल्लीत सुखारी रोज दारोदार बादली पालथी करी. एका मंदाकिनीबाईंच्या दारात मात्र कधी नाही. त्यांना दूध जास्त लागे, म्हणून तो गोठ्यातच काढून, डब्यात भरून, हिंदकळू नये म्हणून वर पेंढ्याची मूठ टाकून आणायचा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून स्वतःच पातेल्यात ओतायचा. बाई देवपूजेत असल्या तर मान वर करूनही बघत नसत. तो मात्र जाताना देव्हाऱ्याला हात जोडून जाई.

त्या संध्याकाळी मंदाकिनीबाईंना तो पेंढा आठवला. पेंढा कशाला? खाली काही दिसू नये म्हणून? गेल्याच वैशाखात त्यानं लेकीचं लग्न केलं, चांगले चांदीचे तोडे घातले. आले कुठून? एकदा मन त्या वाटेला लागलं, की प्रत्येक दगडावर पुरावा लिहिलेला दिसतो. रात्रभरात सुखारी चोर ठरला.

सकाळी तो उंबऱ्याशी बसला, डब्याचं झाकण काढलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "सुखारी, सच बोलो. दूध में क्या मिलाया?"

तो आधी हसला. बाई थट्टा करताहेत असं वाटलं त्याला. "पानी? आपके दूध में तो पानी भी नहीं, माईजी."

"पानी का नहीं पूछती. वनस्पती."

हसू जागच्या जागी विझलं. त्यानं डब्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. शपथ घेतली नाही, आरडाओरडा केला नाही.

"माईजी, जिस दिन साहब गए, उस दिन भी हम दूध लाए थे," तो हळू म्हणाला. "उस दिन आपने देखा था, क्या मिलाया?"

मंदाकिनीबाईंनी त्याच्यावरची नजर काढून घेतली. पण संशयाला लाज आली की तो जास्तच ताठ होतो. "वो बात अलग," त्या म्हणाल्या.

सुखारीनं दूध ओतलं नाही. भरला डबा उंबऱ्यावर तसाच ठेवला आणि उठला. देव्हाऱ्याला हात जोडले, आणि गेला. डबा दुपारपर्यंत तिथेच होता. त्याला मुंग्या लागल्या.

त्याच दिवशी मंदाकिनीबाईंनी घोषालबाबूंना सुखारीचं नाव लिहून दिलं.

पुढचं काय सांगायचं? घोषालबाबू शिपाई घेऊन भरदिवसा गोठ्यावर गेले. नमुने घेतले, लाख वितळवली, मोहोर उठवली. गल्लीतल्या बायका गच्च्यांवरून बघत होत्या. प्रयोगशाळेचा निकाल यायचा तेव्हा येवो, गच्चीवरचा निकाल तिथल्या तिथे लागतो. आठवडा उलटला नाही तोच सुखारी म्हशी हाकत डमडमला चुलतभावाच्या गोठ्यात निघून गेला.

मंडळातही बातमी पोचली होतीच. श्यामराव येऊन गेले. खुर्चीच्या कडेवर बसले, चहा घेतला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि जिन्यात उभं राहून म्हणाले, "मंदावहिनी, यंदा काल्याचं लोणी बाहेरून मागवतोय. गैरसमज नको. निकाल लागेपर्यंत म्हणून."

"देवाला सांगितलंत का?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

श्यामराव जिना उतरले.

काल्याच्या दिवशी मंडळाच्या दालनात बसायला जागा नव्हती. कीर्तनाला नागपूरहून चारुदत्तबुवा आले होते. बुवांचा गळा असा, की पहिल्या आलापासरशी माणसानं आपलं दुःख चपलांपाशी ठेवून यावं. झांजेवर बोट टेकवून ते नुसते 'विठ्ठल' म्हणाले, तरी मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या माना डोलत. मंदाकिनीबाई यायच्याच नव्हत्या. वृंदानं ओढून आणलं. दरवर्षी त्या पुढे, देवाजवळ, वाटीवर पदर धरून बसायच्या. यंदा खांबाच्या आडोशाला बसल्या. पुढे चांदीच्या वाटीत कुणाचं कोण जाणे, पिवळट लोणी होतं.

बुवांनी उत्तररंगाला लोणीचोराचं आख्यान लावलं.

"गवळण मोठी हुशार हो! तिनं काय केलं? शिंक्याला घंटा बांधली. चोर हात घालील, घंटा वाजेल, मी काठी घेऊन धावेन. रात्री देव आला. घंटेला म्हणाला, 'बाई गं, आज गप्प राहा हां.' घंटा म्हणाली, 'देवा, तुमची आज्ञा.' मग काय! पेंद्याला दिलं, वाकड्याला दिलं, माकडांना दिलं. घंटा चिडीचूप! शेवटचा गोळा देवानं आपल्या तोंडाशी नेला, आणि..." बुवांनी झांज अशी वाजवली, की पेंगणारी पोरं दचकून उठली. "घण घण घण! गवळण धावली, मनगट धरलं. देव रागावला, 'अगं, गप्प राहा म्हटलं होतं ना?' घंटा म्हणते, 'देवा, माकडं खात होती तोवर मी गप्प होते. पण नैवेद्य तुमच्या मुखाला लागला, आणि घंटेनं वाजायचं नाही? मग मी घंटा कशाला झाले?'"

दालन हललं. तबलजी बंगाली, त्याला एक शब्द कळला नसेल, पण त्याचेही डोळे भरले. बुवांनी गळ्यातली उपरण्याची घडी सारखी केली आणि लोकांना जरा हसवावं म्हणून म्हणाले,

"आपल्या सरकारनंही हल्ली घंटा बांधलीय बरं का! आमचे यजमान श्यामराव कालच जेवताना सांगत होते. वनस्पतीच्या प्रत्येक डब्यात म्हणे थोडं तिळाचं तेल घालायची सक्ती आहे. का? तर वनस्पती लोण्यात चोरपावलांनी शिरलं, तरी आम्लाच्या थेंबासरशी तिळाचं तेल लाल होऊन ओरडतं. वनस्पती मुकं हो! वाजते ती तिळाची घंटा!"

लोक हसले. हसता हसता एकेक मान खांबाकडे वळली. श्यामरावांनी खाली बघितलं. बुवांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? वृंदानं आईचा हात घट्ट धरला.

पण मंदाकिनीबाईंना हसू ऐकूच आलं नव्हतं. 'तिळाचं तेल' या शब्दांपाशी त्यांचं कीर्तन थांबलं होतं.

उन्हाळ्यात जुनी रवी चिरली. सुताराकडून नवी करून आणली. नव्या लाकडाला तेल पाजायचं, नाहीतर ते तडकतं आणि लोण्यात कुसळं सोडतं. ही सासूबाईंची शिकवण. इथे घरोघरी मोहरीचं तेल. पण त्याचा उग्र दर्प लोण्याला लागेल, म्हणून त्या मुद्दाम लेक मार्केटजवळच्या मद्राशाच्या दुकानात जाऊन तिळाचं आणत. त्यात रवी भिजत घातली होती. शिवाय दर शनिवारी मारुतीला त्याच तेलाचा दिवा, आणि वाटीत उरलेलं तेल तळहातावर घेऊन रवीच्या पाकळ्यांना चोळायचं. वाया का घालवा? घोषालबाबू सोमवारी आले. ते लोणी रविवारचं होतं.

घंटा खोटी वाजली नव्हती. धावणारीनं मनगट भलत्याचंच धरलं होतं.

प्रसाद न घेताच त्या उठल्या.

घरी येऊन त्यांनी रवी नाकाशी नेली. पाकळ्यांच्या सांध्यांत, धुऊन धुऊनही, मंद तिळाचा वास होता. त्यांनी ती फडक्यात गुंडाळली.

"आई, थांब." वृंदा दारात आडवी उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "तू हे सांगायला जाशील, आणि ते विश्वास नाही ठेवले तर? आता सगळं सुखारीवर आहे. तो तर गेला पण. आपण काही बोललो नाही तर..."

"तर?"

"तर आपण सुटतो ना गं."

"आणि तो?"

वृंदानं दाराची चौकट धरली.

"तुझ्या बापाच्या तेराव्यापर्यंत त्यानं दुधाचा हिशेब मागितला नाही, वृंदा. मी एका रात्रीत त्याचा मागितला. सर बाजूला."

घोषालबाबूंच्या कचेरीत पंखा गरगरत होता. त्यांनी रवी उलटसुलट करून बघितली, वास घेतला, आणि डोळे बारीक केले. "मासीमा, ही तुम्ही कालच तेलात बुडवली नाही कशावरून?"

मंदाकिनीबाईंना राग आला नाही. हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता. आपणही तो असाच, याच आवाजात विचारला होता.

"कशावरूनच नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी या. तुमच्या समोर दोन डेरे लावते. एकात ही रवी, एकात कोरी. दूध तुम्ही आणा, विरजण तुमच्या समोर लावते, कुलूप तुमचं. पण आधी त्या कागदावरचं सुखारीचं नाव खोडा."

"लिहिलेलं खोडता येत नाही. खाली दुसरं लिहिता येतं."

"मग द्या, लिहिते. माझीच चूक, असं लिहिते."

घोषालबाबूंनी कागद पुढे सरकवला. "गप्प राहिला असतात तर कदाचित सुटला असतात," ते पुटपुटले. "असं लिहून देणारं माणूस माझ्या टेबलापाशी पहिल्यांदाच आलं."

ते आले. डेऱ्यांच्या खोलीला स्वतःचं कुलूप लावून गेले. दुसऱ्या दिवशी मंदाकिनीबाईंनी त्यांच्या देखत दोन्ही डेरे घुसळले. पुन्हा बाटल्या, पुन्हा लाख. कोऱ्या रवीचं लोणी पांढरंच राहिलं. तेलकट रवीचं लाल निघालं. गोठ्यावरच्या नमुन्यांतही काही सापडलं नाही. वरच्या साहेबांनी बरेच दिवस कागद दाबून ठेवला आणि मग 'पुढील कारवाईची गरज नाही' असा शेरा मारला. श्यामराव धावत आले, 'मंदावहिनी' म्हणाले, हात जोडले, पुढल्या वर्षीच्या काल्याचं आत्ताच सांगून गेले. मंदाकिनीबाई "बरं" म्हणाल्या. त्यांचं चित्त तिथे नव्हतं.

त्या सियालदाला गाडी बदलून डमडमला गेल्या. विचारत विचारत चुलतभावाच्या गोठ्यापाशी पोचल्या. सुखारी म्हशीला पाणी दाखवत होता. त्यानं मोडका वेताचा मोढा पुसून बसायला पुढे केला. त्या बसल्या नाहीत. शेणानं भरलेल्या त्या अंगणात, चार बिहारी गवळ्यांच्या देखत, त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. रवी, तेल, शनिवार, मारुती. "तू सच्चा था. मैं अंधी थी," असं म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"अरे नहीं, नहीं, माईजी," सुखारी म्हणाला. "भूल किससे नहीं होती?" त्यानं शहाळं फोडून दिलं. स्टेशनपर्यंत सोडायला आला. राग नव्हता, रुसवा नव्हता. मंदाकिनीबाईंना वाटलं, देवानं पदरात घेतलं.

आणि खरंच, महिनाभरात सुखारी म्हशी घेऊन बालीगंजात परतला. गल्लीतली घरंही एकेक करून परत लागली.

पहिल्या सकाळी मंदाकिनीबाईंनी पातेलं घासूनपुसून उंबऱ्याशी ठेवलं होतं. पण सुखारी वर आलाच नाही. खालून त्याची हाक आली. "माईजी!"

त्या सज्जात आल्या. खाली, दारासमोर, म्हैस उभी होती.

"वर ये ना. डबा कुठेय?"

"नीचे आइए, माईजी."

त्या जिना उतरून आल्या. सुखारीनं खांद्यावरचा गमछा सारखा केला, बादली उचलली, आणि दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर पालथी धरली.

"देख लीजिए."

"अरे, मैंने माँगा क्या?" मंदाकिनीबाईंचा आवाज फुटला. "मला नको हे, सुखारी. ऊपर आओ. पहले जैसा."

"नहीं माईजी, आपने कहाँ माँगा?" तो मऊपणानं म्हणाला. "सबको दिखाते हैं. आपको भी दिखाएँगे."

बादली तशीच धरलेली. त्यांनी बघितलं. तळ कोरडा, राखेनं घासून लखलखीत केलेला. मग तो उकिडवा बसला, आणि बादलीत पहिली धार वाजली.

त्यानंतर कैक वर्षं दूध त्याचंच येत राहिलं. काल्याच्या वाटीतलं लोणीही पुन्हा मंदाकिनीबाईंचं झालं. रवीला तेल लावणं त्यांनी सोडलं, आणि दर उन्हाळ्यात ती चिरायची, त्या नवी आणायच्या. पण सुखारी पुन्हा कधी जिना चढून देव्हाऱ्यापर्यंत आला नाही. रोज सकाळी हाक यायची, मंदाकिनीबाई खाली उतरायच्या, पदर सावरून दारात उभ्या राहायच्या. तो बादली पालथी करायचा. मान वळवून चालण्यासारखं नव्हतं. त्या बघेपर्यंत तो ती खाली ठेवत नसे.